औषधांना भिणारे सर

माझ्या पाहण्यात नाना तऱ्हेची भित्री माणसं आली. पालीला भिणारा एक पैलवान आला, विजेचं बटण लाकडी पट्टीने दाबणारे माझे एक सख्खे काका आले, आणि गाडी पुलावरून जाताना डोळे मिटून घेणारा एक रेल्वेतला गार्डही आला. पण औषधांना इतकं भिणारा माणूस मी आमच्या सरांशिवाय दुसरा पाहिला नाही. आणि पुण्यातल्या ज्या मेडिकल कॉलेजात मी शिकलो, तिथे औषधशास्त्र शिकवण्याचं काम नेमकं त्यांच्याकडेच होतं.

सर उंच होते, आणि ती उंची कुणीतरी अंगावर टाकून गेल्यासारखे जरा वाकून चालत. बारा महिने हातात काळी छत्री. चेहऱ्यावरची कळा अशी, की ते वर्गात शिरले की कुणीतरी गेल्याची बातमी सांगायला आलेत असंच वाटावं. पहिल्या तासाला ते आत येऊन नुसते उभे राहिले, तेव्हा मागच्या बाकावरच्या एकाने खरोखरच उठून विचारलं, "सर, आज सुट्टी आहे का?" सरांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "नाही. अजून कुणी गेलेलं नाही. आधी तुम्ही पास तर व्हा." आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्यांना आम्ही त्या वेळी म्हातारे समजत होतो. आज हिशेब केला तर ते चाळिशीचेही नसावेत.

त्यांची शिकवण्याची पद्धत जगाच्या उलटी होती. पुस्तकात आधी औषधाचे उपयोग, मग अपाय. सर सुरुवातच अपायांपासून करत. "उपयोग तुम्हांला कंपनीचा माणूस दवाखान्यात येऊन सांगेल, जाताना वर एक पेनही देईल. अपाय सांगायला कुणी येणार नाही. ते मलाच सांगितले पाहिजेत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. साध्या अ‍ॅस्पिरिनवर त्यांनी अख्खा तास घेतला. तास संपला तेव्हा त्या बिचाऱ्या गोळीने पोटात केवढी भोकं पाडली होती, रक्त किती पातळ केलं होतं, कान कसे वाजवले होते! होस्टेलवरच्या एका मुलाने खोलीत जाऊन पहिलं काम केलं ते म्हणजे घरून आणलेली गोळ्यांची पट्टी संडासात टाकली. या पद्धतीचा तोटा एवढाच होता, की बऱ्याच औषधांच्या उपयोगांपर्यंत सर पोचतच नसत. घंटा व्हायची. मग सर खडू ठेवायचे आणि खिन्नपणे म्हणायचे, "कशासाठी देतात ते वाचून घ्या. त्याला काही अक्कल लागत नाही."

स्वतः ते काहीही घेत नसत. एकदा अंगात ताप असताना ते ताप उतरवणाऱ्या औषधांवर शिकवत होते. डोळे लाल, आवाज बसलेला, गळ्याला मफलर. आमच्यातल्या एकाला राहवलं नाही. तो मधल्या सुट्टीत गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन टेबलापाशी गेला.

"हे कुणासाठी?"

"तुमच्यासाठी, सर."

"माझा ताप कुणी तपासला?"

"दिसतोच आहे, सर."

"बरं. हिचे अपाय सांग."

त्याने तीन सांगितले, चौथ्याला अडखळला. सरांनी गोळी उचलून त्याच्याच खिशात टाकली, पाणी तेवढं पिऊन टाकलं आणि म्हणाले, "बाकीचे पाठ झाले की घेऊन ये." ते पाठ करून तो आला तेव्हा सरांचा ताप आपोआप उतरला होता. "बघ," सर म्हणाले, "तुझ्या अज्ञानाने मला गुण आला."

त्या काळी प्रॅक्टिकलला आम्हांला मिश्रणं बनवावी लागत. खलबत्त्यात भुकट्या घोटायच्या, मेजरिंग ग्लासात अर्क मोजायचे, बाटलीला डोसांच्या कागदी पट्ट्या चिकटवायच्या. सरांचा नियम असा, की जो जे बनवेल त्याने त्याचा एक डोस सर्वांसमोर प्यायचा. पोटातल्या वाऱ्यावरचं मिश्रण बनवलं त्या दिवशी सगळा वर्ग ढेकरा देत घरी गेला. कडूजहर कोयनेलच्या दिवशी मात्र हाल झाले. आमच्या वर्गातल्या एका नाजूक मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि तिने पाण्याच्या पेल्याकडे हात केला तर सरांनी तो उचलून दूर ठेवला. "आत्ता तोंडाला जी चव आहे ना, ती लक्षात ठेवा. उद्या एखादं पोर औषध थुंकलं तर त्याला फटका मारायच्या आधी ही चव आठवा." मग त्यांनी स्वतःही एक डोस घेतला. त्यांच्या चेहऱ्यात मात्र काही फरक पडला नाही. तो आधीपासून तसाच होता.

आणि सशाचं तर काय सांगावं! डोळ्याची बाहुली मोठी करणारं औषध आम्ही सशाच्या एका डोळ्यात घालून पाहत असू. प्रयोग आटोपला की बाकीचे शिक्षक ससा पिंजऱ्यात टाकून घरी जात. आमचे सर पिंजरा व्हरांड्याच्या सावलीत नेत आणि छत्री उघडून त्याच्यावर धरून बसत. बाहुली मोठी झालेल्या डोळ्याला उजेड सोसत नाही, आणि औषधाचा अंमल उतरायला पुष्कळ वेळ लागतो, म्हणून. व्हरांड्यातून जाणाऱ्या डीनसाहेबांनी एकदा विचारलं, "काय चाललंय?" सर उभे न राहता म्हणाले, "पेशंटपाशी बसलोय." डीनसाहेब तसेच पुढे गेले. कॉलेजात सरांना वेडं ठरवण्याचं काम फारसं कुणी करत नसे. ते ठरलेलंच होतं.

सरांशी माझी जास्त ओळख झाली ती ते चिंचवडचे म्हणून. मीही चिंचवडचा. वडील पिंपरीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात होते. सर स्टेशनजवळच्या एका चाळीत दोन खोल्यांत एकटे राहत. लग्न केलेलं नव्हतं. सकाळी पुण्याच्या लोकलला आम्ही एकाच डब्यात असू, पण सर खिडकीबाहेर बघत बसत. त्या वर्षांत रुळांच्या कडेने दर महिन्याला नवीन शेड उभी राहत होती, नवीन चिमणी, नवीन पाटी. मी एकदा कौतुकाने म्हणालो, "सर, आपला भाग किती सुधारतोय!" सर म्हणाले, "हो. पूर्वी इथे माणसं अंधार पडला की झोपत. आता झोपेच्या गोळ्यांचा खप वाढेल."

चाळीत त्यांच्याविषयी फार नाराजी होती. बाहेरगावाहून कारखान्यांत आलेली माणसं. डॉक्टर शेजारी राहतो म्हटल्यावर सुई-गोळीची आशा असणारच. आणि सर कुणालाच काही देत नसत. "पाणी प्या, पडून राहा, तीन दिवसांनी उतरला नाही तर दवाखाना गाठा." उस्मानाबादकडचा एक कामगार रात्रपाळी करायचा. एका सकाळी तो दारात येऊन बसला. "सर, मला झोपच येईना की हो. दिवसाउजेडी माणसानं झोपावं तरी कसं? एक गोळी द्या बरं." सरांनी गोळी दिली नाही. आतून स्वतःची घोंगडी आणली, त्याच्या खिडकीला खिळे मारून टांगली, पोरांना त्यांचे विटीदांडू घेऊन मागच्या मैदानात पिटाळलं आणि त्याच्या उंबऱ्याबाहेर स्टूल टाकून दुपारपर्यंत पेपर तपासत बसले. भांडी घासायला निघालेल्या बायकांना ओठांवर बोट ठेवून दटावत होते. तो माणूस उठला तेव्हा म्हणाला, "डॉक्टर हैत का वॉचमन?" पण हे म्हणताना त्याचा आवाज चांगली झोप झालेल्या माणसाचा होता.

मला त्यांनी नापास केलं. तोंडी परीक्षेत औषधाची एक चिठ्ठी लिहायला सांगितली. मी रोग्याचं नाव, वय, औषध, प्रमाण, सगळं वळणदार अक्षरात लिहिलं आणि सही ठोकली. सरांनी कागद उजेडात धरला. "ही चिठ्ठी किती वर्षं चालेल?" मला प्रश्नच कळला नाही. "तारीख नाही," ते म्हणाले. "किती दिवस द्यायचं ते नाही. पुन्हा देऊ नये असं लिहिलेलं नाही. हा माणूस बरा होईल, कागद जपून ठेवील, आणि दर वेळी दुकानात जाऊन हेच घेईल. तू मेलास तरी तुझी चिठ्ठी औषध देत राहील." एवढ्यावरून माझे सहा महिने गेले. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी लोकलमध्ये सर समोर बसले होते. म्हणाले, "रागावला असशील." मी खिडकीबाहेर बघायला लागलो. "रागाव," ते म्हणाले. "राग राहिला की तारीख लक्षात राहील."

एकच तास त्यांनी वेगळा घेतला. फळ्यावर क्लोरॅम्फेनिकॉल हे नाव लिहिलं आणि आमच्याकडे पाठ करून तसेच उभे राहिले. दोन-तीन मिनिटं झाली. आम्हांला वाटलं, विसरले. मग न वळताच म्हणाले, "हे टायफॉइडमधून माणूस उठवतं. मरणाच्या दारातून. फार गुणी औषध आहे." संबंध वर्षात ज्याचा उपयोग त्यांनी आधी सांगितला असं ते एकच औषध. "अपाय पुस्तकात वाचा," म्हणाले आणि छत्री घेऊन निघून गेले. तास लवकर सुटला म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या त्यांना जिन्यात ऐकू गेल्या असतील.

महिन्यातून एक-दोन रविवारी सर एस.टी.ने चाकणच्या बाजूला जात. कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे तिकडे जमीन आहे, कुणी म्हणे बायको आहे. जमीन असती तर कधी शेंगा तरी आल्या असत्या, आणि बायको असती तर शर्टाची बटणं जागेवर असती, असा युक्तिवाद करून आम्ही तो विषय सोडून दिला.

पुढे मी डॉक्टर झालो आणि चाकणला, कांद्याच्या बाजारामागे दोन खोल्यांत दवाखाना टाकला. त्याला तीन-चार वर्षं झाली असतील. एका बाजाराच्या दिवशी भामा नदीच्या काठच्या एका गावातली बाई आली. पन्नाशीच्या आतबाहेरची, डोक्यावर रिकामी पाटी. बरोबर पेशंट नव्हता.

"डाक्टर, नातू तापलाय दोन रोज. उनात आणला न्हाई. एवढी गोळी लिवून द्या. दुकानदार म्हनतो कागद लई जुना झालाय, डाक्टरकडनं नवा आन."

तिने कनवटीची पिशवी सोडून एक चिठ्ठी काढली. घडीवर घडी पडून कागद कापडासारखा मऊ झाला होता. कडेला कुंकवाची बोटं उमटलेली. मी उलगडून पाहिलं. 'हौसा, वय ९.' त्याखाली क्लोरॅम्फेनिकॉल. तारीख नाही. दिवस किती, ते नाही. आणि खाली ते अक्षर, ज्या अक्षराने माझ्या सगळ्या जर्नलांवर लाल रेघा मारल्या होत्या.

"ही चिठ्ठी कुणी दिली, मावशी?"

"आमचे डाक्टर व्हते गावात. देवमानूस. माझ्या पोरीला मुदतीचा ताप, टायफाड व्हता, सगळ्यांनी आशा सोडलेली. ह्या गोळीनं उठून बसली बगा. मंग तिच्या बापानं कागद देव्हाऱ्यात ठिवला. पोरीला ताप आला की जायचा खेडला, गोळ्या आनायचा."

"हौसा आता कुठे असते?"

"ती गेली," बाई म्हणाली. "त्याच सालात. पर ताप न्हवता हां तिला. रगतच हुईना म्हनले अंगात. पांढरीफटक पडली, न् नाकातनं रगत जायाचं. डाक्टरांनी सोता पुन्याला नेली, रातध्याड बसले. न्हाई राहिली. अजून येत्यात बगा ते आमच्याकडं, ऐतवारी. च्या घेत्यात, जात्यात."

माझ्या हातातला कागद मी टेबलावर ठेवला. कुठलाही दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी सांगेल असं ते निदान होतं. मी तिला नवी गोळी लिहून दिली नाही. कंपाउंडरला दवाखान्यात बसवून तिच्याबरोबर गावी गेलो, नातवाला तपासलं. साधा सर्दीचा ताप होता. चिठ्ठी ठेवून घ्यायला बघितलं तर तिने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि पुन्हा देव्हाऱ्यात ठेवली.

संध्याकाळी मी थेट चिंचवडला गेलो. सर तांदूळ निवडत होते. मी म्हणालो, "सर, हौसाच्या आईकडे तुमची चिठ्ठी अजून आहे."

त्यांनी ताट खाली ठेवलं. ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाले, "मी मागितली होती तेव्हाच. बापाने हरवली म्हणून सांगितलं."

"आज ती नातवासाठी गोळ्या घ्यायला निघाली होती."

"दिल्या?" ते एकदम उभे राहिले.

"नाही, सर."

ते पुन्हा बसले. आणि मग ज्या माणसाने आयुष्यात स्वतःविषयी चार वाक्यं सलग सांगितली नव्हती, तो बोलत राहिला. शिकून नुकतेच बाहेर पडले होते, उमेदीने खेड्यात दवाखाना काढला होता. ती मुलगी त्यांची पहिली मोठी केस. "ती उठून बसली त्या दिवशी सगळं गाव माझ्या पाया पडायला आलं. पुस्तकात एक ओळ होती, की हे औषध पुन्हा पुन्हा देऊ नये, एखाद्याचं रक्त आटतं. मी ती वाचली होती. तिच्या बापाला सांगायला दोन मिनिटं लागली असती. त्या दोन मिनिटांत मी पाया पडून घेत होतो."

"इतक्या वर्षांत त्यांना सांगितलं नाहीत?"

"काय सांगणार? गोळ्या बापाने भरवल्या. खेडपर्यंत पायी जाऊन आणायचा तो. माझी चूक सांगायची, तर त्याच्या हाताचंही सांगावं लागलं असतं. तो होता तोवर जीभ उचलली नाही. तो गेल्यावर वाटलं, आता कशाला त्या बाईला..." ते थांबले. "उद्या काय वार आहे?"

"शुक्रवार, सर."

"उद्याच जाऊ," ते म्हणाले. त्यांनी कॉलेजातून रजा घेतल्याचं मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

आम्ही पोचलो तेव्हा ती बाई ओट्यावर जोंधळे पाखडत होती. "आज ऐतवार न्हाई, तरी वाट वाकडी केली?" म्हणत तिने घोंगडी अंथरली. सर बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं. मी त्यांची वर्षभर व्याख्यानं ऐकली होती, पण एवढं सोपं त्यांनी आम्हांला कधी शिकवलं नव्हतं. "वहिनी, माणसाचं रक्त हाडांच्या पोकळीत तयार होतं. विहिरीला जसे झरे, तसे तिथे झरे असतात. या गोळीनं ताप जातो, पण एखाद्याचे झरे आटतात. सगळ्यांचे नाही. हौसाचे आटले. पहिल्यांदा दिली ती द्यायलाच हवी होती. पुढच्या द्यायच्या नव्हत्या. हे मला ठाऊक होतं, आणि मी तुम्हांला सांगितलं नाही."

सुपातले दाणे हलायचे थांबले.

"म्हंजी तिच्या बापानं..."

"नाही. त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. ते माझ्याच हातनं झालं."

"ईस वरसं तुमी हितं येऊन च्या पिता."

"हो."

"मी तुमचं पाय धरीत व्हते."

"हो, वहिनी."

तिने सूप खाली ठेवलं. "जावा आता," म्हणाली.

सरांनी हात जोडले. "जातो. तेवढा कागद द्या. तो घरात राहणं बरं नाही."

"त्यो न्हाई मिळायचा," ती एकदम तडकून म्हणाली. "माझ्या पोरीचं नाव हाय त्याच्यावर. ना ती साळंत गेली, ना कुनी तिचा फोटू काढला. तिचं नाव कुटं लिवलेलं असंल तर त्याच एका कागदावर हाय. त्योबी नेता व्हय?" आणि आत जाऊन तिने दार लावलं.

परतीच्या गाडीत सर सगळ्यात मागे जाऊन बसले. मला वाटलं, आता ते पुन्हा तिकडे पाऊल टाकणार नाहीत. पण दोनच दिवसांनी, रविवारी, ते गेले. दार उघडलं नाही. ते मारुतीच्या पारावर दोन तास बसले आणि आले. पुढच्या रविवारी पुन्हा. ती बाई पाण्याला जाताना त्यांच्यासमोरून गेली, मान वळवली नाही. गावातली माणसं विचारायला लागली. मी म्हणालो, "सर, आता पुरे. तुम्ही सांगितलंत ना?" ते म्हणाले, "सांगणं झालं. ऐकून घेणं बाकी आहे."

पाचव्या रविवारी मीही बरोबर होतो. आम्ही पारावर टेकलो असू-नसू, तोच तिचा मुलगा बोलवायला आला. बाई ओट्यावर बसली होती. पुढ्यात ती चिठ्ठी, आणि शेजारी सुनेची शिवणाची कात्री.

"मला वाचता येत न्हाई," ती म्हणाली. "नाव कुटं हाय ते दावा."

सरांनी वाकून बोट ठेवलं. "इथे. हौसा. हे तिचं वय."

तिने त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. वीस वर्षं ती त्या कागदाला हळदकुंकू वाहत होती, पण तिच्या मुलीचं नाव कुठल्या कोपऱ्यात आहे हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. "आन् गोळी?"

"ही खाली."

"काढा मंग तेवढी."

सरांनी कात्री घेतली. दोनदा पाती उघडून मिटली, पण कागदाला लावली नाहीत. बाईने थोडा वेळ वाट पाहिली, मग कात्री त्यांच्याकडून घेतली. "कुटनं?" सरांनी दोन ओळींच्या मध्ये बोट धरलं. तिने त्या बोटाच्या कडेकडेने, कापड बेततात तशी, सावकाश कात्री चालवली. वरचा तुकडा पदराखाली घेतला. खालचा सरांच्या हातावर ठेवला.

"हे माझं," ती म्हणाली. "ते तुमचं."

त्या दिवशी चहा झाला नाही. पण ओट्यावर आम्ही बराच वेळ बसलो आणि तिने आम्हांला उठा म्हटलं नाही. चाकणच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना सर म्हणाले, "आज ती असती तर तिशीची झाली असती. पोरं घेऊन आली असती तुझ्या दवाखान्यात. तू सुई काढलीस की पोरांच्या आधी तीच रडली असती." आणि मान खाली घालून ते छत्रीच्या टोकाने धुळीत काहीतरी रेघोट्या ओढत राहिले.

सर काही त्यानंतर आनंदी झाले नाहीत. तास तसेच खिन्न चालू राहिले, विद्यार्थी तसेच घाबरून घरी जात राहिले. एवढंच झालं, की पुढे दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चहा मिळायला लागला, आणि वीस वर्षं पीकपाण्यापलीकडे न गेलेल्या त्या दोघांच्या बोलण्यात हौसा यायला लागली. ती बोरं कशी चोरायची, करडाला कशी पांघरुणात घेऊन झोपायची. सर ऐकायचे. एकदा म्हणे त्या बाईला बोलता बोलता हसू आलं, आणि सरही हसले. मी तिथे नव्हतो, म्हणून ते कसे दिसले असतील हे मला सांगता येत नाही.

ऐंशी साल उलटल्यावर कधीतरी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. पिंपरीच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. जवळचं कुणी नव्हतंच. जे काही करायचं ते मी आणि चाळीतल्या माणसांनी केलं. त्यांच्या दोन खोल्या आवरण्यात आठवडा गेला, आणि मग मला आठवलं, की भामेकाठी कुणी कळवलं नाही.

मी गेलो तेव्हा ती परसात कांद्याची पात कापत होती. केस पार पांढरे झाले होते. मी चपला काढून उभा राहिलो आणि सांगितलं, "मावशी, आमचे सर गेले."

तिने विळी आडवी केली. हातातली पात टोपलीत टाकली.

"कवा?"

"मागच्या मंगळवारी."

"कुनी व्हतं जवळ?"

"मी होतो."

"पानी पाजलं?"

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली. हात पदराला पुसत ती उठली आणि घराकडे तोंड करून सुनेला हाक मारली, "चुलीवर पानी ठेव गं. आंगूळ करायची हाय."

"आत्ता, भर दुपारची?" आतून सून म्हणाली.

"व्हय. सुतकाची."

मी पुढच्या ओट्यावर येऊन बसलो. आत चूल पेटल्याचा वास आला, मग न्हाणीत पहिला तांब्या ओतल्याचा आवाज झाला. तिची आंघोळ होईपर्यंत मी तिथून हललो नाही.